आमचा खेकडा विकायला ठेवावा का

जगात वाईट व्हिडिओ गेम पुष्कळ आहेत. त्यातला एक मी आणि माझ्या मित्राने मरोळमध्ये बसून स्वतःच्या हातांनी बनवलेला आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार मला इतरांपेक्षा जरा जास्त आहे असं मी मानतो. ज्यांनी नुसते वाईट गेम खेळले आहेत त्यांनी जरा मागे बसावं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्र मरोळ गावठाणातला, ख्रिस्ती, घरात आमच्यासारखीच मराठी बोलणारा. त्याच्या वडिलांचा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा रिकामा पडला होता. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत. मधल्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती, तिथल्या साच्याच्या प्रेसचा 'धाड्' आवाज आमच्या टेबलावरच्या चहापर्यंत पोचायचा. अशा ठिकाणी बसून आम्ही जगाला वेड लावणारा गेम बनवणार होतो. अक्कल नव्हती, पण उत्साह उतू जात होता.

गेमचा नायक मुळात खेकडा नव्हता. तो तलवारबाज होता, मी त्याला छान मिश्या काढल्या होत्या. पण मित्राने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये तो काही केल्या समोर चालेना. नेहमी आडवाच. मित्राने डोकं फोडून घेतलं, पुस्तकं आणली, एका ओळखीच्या प्रोफेसरांना दाखवलं. तलवारबाज आडवाच. शेवटी वैतागून मी म्हणालो, "जाऊ दे रे, खेकडा करून टाक त्याला." मी चेष्टेत म्हणालो होतो. मित्राचा चेहरा मात्र उजळला. दुसऱ्या दिवशी माझ्या तलवारबाजाला आठ पाय आणि दोन नांग्या फुटल्या. मिश्या तशाच ठेवल्या, कारण त्यांच्यावर मी फार मेहनत घेतली होती.

राक्षसाच्या महालासाठी आम्ही मढला जाऊन एका बंगल्याचे फोटो काढून आणले. बंगला शूटिंगसाठी भाड्याने दिला जायचा आणि त्या दिवशीही दिलेला होता, हे आमच्या लक्षात फोटो गेममध्ये घातल्यावर आलं. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यात महालाच्या पायऱ्यांवर एक माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवताना दिसतो. खेकडा अख्खा महाल पालथा घालून येतो तरी त्याचं बिस्किट बुडतच असतं.

आता मुख्य गोष्ट. आम्ही मालवणी माणसं. आमच्यात कुठलंही नवं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, एकाने देवाला मोठ्या आवाजात सगळं नीट समजावून सांगायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझे वडील आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर नाहूरजवळ एका कारखान्यात फिटर झाले, पण खरं काम विचाराल तर गाऱ्हाणं घालणं. आमच्या इमारतीत पाण्याचा पंप बदलला, गाऱ्हाणं. टाकी धुतली, गाऱ्हाणं. तळमजल्यावरच्यांचा मुलगा सहाव्यांदा ड्रायव्हिंगच्या परीक्षेला निघाला, गाऱ्हाणं. तो पास झाला, म्हणून मी यावर फार वाद घालत नाही.

तर गाळ्यात काम सुरू करायच्या दिवशी बाबा नारळ घेऊन आले. बादल्यावाल्यांचे कामगारही खोबऱ्याच्या आशेने येऊन उभे राहिले. मी मित्राला हळूच विचारलं, "तुला चालेल ना रे?" तो म्हणाला, "का नाही चालणार? एवढ्या मोठ्यांदा सांगणारा माणूस आमच्या चर्चमध्ये पण नाही." नवा माइक आला होता, तो चालतो का ते बघायला त्याने सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या पोरांनी कॉम्प्युटराचा जा काय काम हातात घेतला हा, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत कोण आडवो इलो, त्येका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून प्रेसने 'धाड्' केलं.

"काय चुकला-माकला आसात तर पोरां म्हणान पदरात घे रे म्हाराजा! आणि जो कोण हो खेळ खेळात, त्येका सुद्धा सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खेकडा मेला की काहीतरी आवाज यायला हवा होता. आवाज तयार नव्हते, म्हणून मित्राने हे रेकॉर्डिंग त्या जागी तात्पुरतं घातलं. नंतर बदलू, म्हणाला. ते 'नंतर' कधी आलंच नाही आणि सीड्या छापून आल्या. म्हणजे खेळणारा खड्ड्यात पडला, गेम थांबला, पडदा काळा झाला की त्या काळोखातून माझे वडील पाऊण मिनिट देवाशी बोलत. मधेच बंद करायची सोय नव्हती, कारण ती करायचीही राहून गेली होती.

एका मासिकाने आमच्या गेमवर लिहिलं, त्याचा सारांश असा की गेममधून बाहेर पडायचं बटण तेवढं छान चालतं. दुकानदारांनी सीड्या परत पाठवल्या. मित्राच्या आईने त्या गच्चीवर कबुतरं हाकलायला दोऱ्याला बांधल्या. कबुतरं त्यांच्यावर येऊन बसायची.

एवढं झाल्यावर माणसाने विसरून जावं, तसे आम्ही विसरलो. मी लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करायला लागलो. मित्र हुशारच, त्याने धडा घेतला आणि आता तो अंधेरीतल्या एका संस्थेत मुलांना गेम बनवायला शिकवतो. भेटणं हळूहळू कमी झालं, मग फोनवर आलं, मग वाढदिवसाच्या केकच्या चित्रांवर.

आणि मग मागच्या वर्षी ती ईमेल आली. जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे दुरुस्त करून विकणारं कुठलंसं ऑनलाइन दुकान. लोक त्यांना हवे ते जुने गेम सुचवतात आणि कुणा टवाळांनी आमचा खेकडा सुचवला होता. गेमचे मालक तुम्ही दोघं, तर दोघांची परवानगी हवी. सोबत चाचणीसाठी गेमही जोडला होता.

माझं डोकंच फिरलं. अहो, चांगले गेम संपले का जगातले? गाडलेला मुडदा उकरून त्याला झालर लावून दुकानात मांडायचा, हा कुठला धंदा? दुकान म्हटलं की माल पारखून ठेवावा. उद्या मी वाण्याकडे तांदूळ घ्यायला गेलो आणि त्याने मला वीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी परत केलेलं पोतं दाखवलं तर मी त्याला काय म्हणीन? मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. दाखल्यासाठी गेममधल्या चुका हव्यात म्हणून रविवारी दुपारी हॉलमध्ये लॅपटॉपवर तो उघडला. खेकडा दोन पावलं आडवा चालला आणि विहिरीत पडला. पडदा काळा झाला.

"बा देवा म्हाराजा!"

स्वयंपाकघरात बाबा वालाच्या शेंगा सोलत बसले होते. ते मुठीत शेंगा घेऊन दारात आले.

इथे सांगायला हवं की दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणलं होतं. त्यातून असा काही घरघराट निघाला की खालचा कुत्रा जिना चढून भुंकायला आला. बाबांनी ते यंत्र कपाटात टाकलं आणि लहान मुलांची लिहून पुसायची पाटी घेतली. त्या पाटीवर ते मालवणीत शिव्या देतात आणि अक्षर सुंदर असल्यामुळे शिव्या जास्त लागतात. पण गाऱ्हाणं काही पाटीवर घालता येत नाही. इमारतीत नवा पंप बसला तेव्हा सेक्रेटरींनी कागदावरून वाचलं. "व्हय म्हाराजा" कुणी म्हटलंच नाही, दोघं-तिघं "ओके" म्हणाले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तर ते दारात उभे राहिले आणि त्यांचा स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून खोलीभर घुमत होता. पुरा ऐकला. मग शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या, लॅपटॉप पुढे ओढला आणि खेकड्याला परत विहिरीत टाकलं. मग परत. थोड्या वेळाने खालच्या काकू कणकेच्या हाताने धावत वर आल्या. "काका बोलायला लागले?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मांडीवर अजून वालाच्या शेंगा होत्या.

मी बाबांना म्हणालो, गेम विकायची काय गरज, मी तेवढा आवाज काढून तुमच्या फोनमध्ये घालून देतो. त्यांनी पाटीवर लिहिलं, "गाऱ्हाणा काय लोणचा हा, बरणीत भरून ठेवूक? समोर माणसा लागतत." मी म्हणालो, पण बाबा, गेम भिकार आहे, लोकांना कसा विकायचा? त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "शिळा आसा म्हणान सांगून विकलस तर चोरी खंयची?" तावातावाने लिहिलेली ईमेल मी पुसून टाकली. आयुष्यात इतक्या पटकन माझं मत बदललेलं नाही, आणि बदललं तर मी ते कबूल करत नाही.

आता राहिला मित्र. मी फोन केला.

"वेडा झालास का तू?" तो किंचाळला. "माझी पोरं वर्गात रोज माझं नाव गूगल करतात. त्यांना मी सांगतो, चाचणी केल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही. आणि त्यांना तो खेकडा सापडला तर? वाट लागेल यार."

"वाईट आहे असं सांगून विकू ना."

"असं कोण विकतं? आणि असल्या कचऱ्याने दुकान भरलं की चांगल्या पोरांचे गेम खाली दबतात, कोणाला दिसत पण नाहीत. ते सोड. बरं, तुला एवढी खाज आहे ना, तर एक कर. ते गाऱ्हाणं काढ. तिथे ढोल-ताशा टाकू. मग देतो परवानगी."

गाऱ्हाणं काढ! मी त्याला दोन-चार शब्द सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण बाबांच्या आवाजाचं काय झालं हे सांगितलं नाही. बाबांनी पाटी माझ्या नाकासमोर धरली होती, "माझा त्येका सांगू नको. दया करून हो म्हणात." मग मी आवाज खाली आणून म्हणालो, "दसऱ्याला घरी ये. आमच्याकडे नव्या लिफ्टचं उद्घाटन आहे. जेव आणि मग तोंडावर नाही म्हण." मालवणी जेवणाला त्याने आजवर नकार दिलेला नाही.

या लिफ्टसाठी आमची इमारत इतकी वर्षं भांडली होती की उद्घाटनाला सगळे मजले नटून आले. दारात झेंडूचं तोरण, खुर्चीवर नारळ. बाबा नवं धोतर नेसून लॅपटॉप काखेत मारून उभे. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मित्र आला. वाकून नमस्कार करत म्हणाला, "काका, काय म्हणता?" बाबांनी पाटीवर लिहिलं, "म्हणणा बंद झाला. तू कसो आसस?" मित्राने पाटी वाचली. मग बाबांच्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत मला चपलेने मारायची तयारी होती.

"चला, गाऱ्हाणं," कुणीतरी म्हणालं. बाबांनी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि मला खूण केली. मी गेम सुरू केला आणि घाईत पहिल्याऐवजी तिसरा टप्पा दाबून खेकडा नेमका राक्षसाच्या महालात नेला. तिथे तो बिस्किटवाल्याच्या खुर्चीत अडकला. ही जुनी चूक. तिथे अडकलेला खेकडा पुढे जात नाही, मागे येत नाही आणि मुख्य म्हणजे मरत नाही. राक्षस येऊन त्याला बदडत होता, खेकड्याच्या मिश्या थरथरत होत्या, पण जीव जाईना. घाबरून मी बाहेर पडायचं सोडून बाकी सगळी बटणं दाबली.

"काय करतायत?" मागून कुणीतरी विचारलं.

"खेकडा मारतायत."

"दसऱ्याला?"

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "कॉम्प्युटरवरून देव ऐकत नसतो हो," असं म्हणून त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. कुणी "ओके" म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या. बाबांनी लॅपटॉप मिटून छातीशी धरला. मला त्या क्षणी खेकड्याला, सेक्रेटरींना आणि स्वतःला याच क्रमाने विहिरीत टाकावंसं वाटलं.

ज्येष्ठ म्हणून पहिल्या फेरीचा मान बाबांना. आत बाबा, सेक्रेटरी, मित्र आणि मी. लिफ्ट झोकात निघाली, दुसऱ्या मजल्याच्या वर गेली, एक उचकी दिली आणि थांबली. जाळीचं दार जुन्या पद्धतीचं हवं असा ज्येष्ठांचा हट्ट होता, त्यामुळे वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवरून लोक आम्हाला बघू शकत होते. सेक्रेटरींनी सगळी बटणं दाबली. मग माझ्यासारखीच परत सगळी दाबली. मग त्यांना घाम फुटला.

"लिफ्टवाल्याला बोलवा!" ते ओरडले.

"तो जिलेबी खातोय!" खालून उत्तर आलं.

बाबा शांतपणे लिफ्टमध्ये खाली बसले, धोतर सावरलं आणि लॅपटॉप उघडला. मला त्यांनी हात लावू दिला नाही. पहिल्या टप्प्यात गेले, खेकड्याला दोन पावलं आडवा चालवला आणि विहिरीत टाकला. एवढ्या दिवसांच्या सरावाने त्यांच्याइतका सफाईने मरणारा खेळाडू जगात दुसरा नसेल.

"बा देवा म्हाराजा!"

लिफ्टच्या त्या पोकळीत तो आवाज तळापासून गच्चीपर्यंत गेला. खालची बडबड बंद झाली. गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली. आणि मग वरून, खालून, सगळ्या मजल्यांवरून एकदम आलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या पोरांनी कॉम्प्युटराचा जा काय काम हातात घेतला हा..."

"व्हय म्हाराजा!" लॅपटॉपमधूनही तेच येत होतं. त्यात बादल्यावाले होते, मी होतो, आणि सगळ्यांत मोठा आवाज विशीतल्या माझ्या मित्राचा होता. तो पन्नाशीकडे झुकलेला मित्र माझ्या शेजारी जाळीला धरून उभा होता. बाबा वर बघत होते, त्यांचे ओठ शब्दाला शब्द जुळवून हलत होते आणि त्यातून काहीही येत नव्हतं. "वाटेत कोण आडवो इलो, त्येका बाजूक कर रे म्हाराजा" या वाक्याला सेक्रेटरी सगळ्यांत जोरात "व्हय" म्हणाले. मागून मरोळचं 'धाड्' आलं. लिफ्टवाला तोवर जिलेबी संपवून गच्चीवरच्या मशीनपाशी पोचला असावा, कारण शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला लिफ्ट हलली. त्याने काय केलं ते नंतर कुणीही विचारलं नाही. इमारतीत आजही श्रेय खेकड्यालाच आहे.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. सेक्रेटरी उडी मारून बाहेर पडले. आम्ही बाहेर पडणार तर मित्र हलेना. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "काका, परत एकदा मारा ना."

बाबांनी परत मारला.

परवानगी त्याने जेवायच्या आधीच देऊन टाकली. एक अट घातली, दुकानाच्या पानावरचं वर्णन तोच लिहिणार. त्याने लिहिलं की हा गेम वाईट आहे, नायक आडवा चालतो, महालात अडकतो, जिंकायला कुणी घेऊ नये, पण हरायला जरूर घ्यावा. त्याच्या विद्यार्थ्यांना तो सापडलाच. आता ते वर्गात काही चुकलं की एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि मित्र चिडल्याचं नाटक करतो.

गेम फारसा खपत नाही. जे घेतात ते पानावर खाली शिव्या लिहितात आणि चहाच्या वेळी मी त्या बाबांना मराठीत वाचून दाखवतो. त्यांना आवडतं. परवा कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं की गेम टाकाऊ आहे, पण तो हल्ली एकटाच राहतो आणि रोज कामावरून आला की मुद्दाम एकदा मरतो. म्हाताऱ्याच्या मागे सगळे जे पुन्हा पुन्हा ओरडतात, ते तोही त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणतो. तो म्हातारा नेमकं काय सांगतोय, कुणाला माहीत आहे का, असं त्याने विचारलं होतं.

मी बाबांना विचारलं, काय उत्तर देऊ? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पाटी घेतली आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं, "त्येका सांग, तुझ्यासाठीच बोललंय."